अ‍ॅसिडिटीचं ऑपरेशन: आधी निदान पक्कं करा

छातीत जळजळ, घशाशी येणारं आंबट पाणी आणि रोजची गोळी. कंटाळून रुग्ण म्हणतो, "एकदाचं ऑपरेशन करून टाका, डॉक्टर." या ऑपरेशनमध्ये जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून तिथली सैल झडप आवळतात. पण त्रास त्या झडपेतून आम्ल वर येण्यामुळेच, म्हणजे रिफ्लक्समुळेच होतोय, हे आधी सिद्ध व्हायला हवं.

गैरसमज: एंडोस्कोपी नॉर्मल, म्हणजे रिफ्लक्स नाही.
वस्तुस्थिती: रिफ्लक्स असूनही अनेकांची अन्ननलिका दुर्बिणीतून निरोगी दिसते. अशा वेळी पीएच तपासणी लागते. नाकातून घातलेली बारीक नळी २४ तास आम्लाची नोंद ठेवते. अन्ननलिकेतला पीएच ६ टक्क्यांहून जास्त वेळ ४ च्या खाली असेल, तर रिफ्लक्स नक्की. ४ टक्क्यांहून कमी वेळ असेल, तर नॉर्मल.

गैरसमज: गोळी लागू पडत नाही, म्हणजे ऑपरेशनच हवं.
वस्तुस्थिती: अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळ्यांनी जळजळ न थांबलेले ३६६ रुग्ण त्यात होते. ४२ जणांना गोळी नीट घेतल्यावरच आराम पडला. ९९ जणांची जळजळ आम्लामुळे नव्हतीच. सगळ्या चाळणीनंतर उरले ७८. त्यांच्यापैकी ज्यांचं ऑपरेशन झालं, त्यातल्या ६७ टक्के जणांना वर्षभरानंतर चांगला गुण आला. वाढीव औषधं घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्के होतं. ऑपरेशन गुणकारी आहे, पण योग्य रुग्णासाठी.

गैरसमज: मॅनोमेट्री म्हणजे उगाच खर्च.
वस्तुस्थिती: अन्ननलिका घास खाली कसा ढकलते आणि झडप नीट उघडते का, हे ही तपासणी सांगते. अकॅलेशिया या आजारात झडप सैलच पडत नाही. अन्न साचून राहतं आणि जळजळ रिफ्लक्ससारखीच होते. अशा रुग्णाची झडप आणखी आवळली, तर घास उतरणंच अवघड होईल.

गैरसमज: पीएच तपासणीसाठी दिवसभर उपाशी झोपून राहावं लागतं.
वस्तुस्थिती: नळी घालण्यापूर्वी काही तास उपाशी राहावं लागतं. नंतर घरी जाऊन नेहमीसारखं जेवायचं, हिंडायचं, झोपायचं. जळजळ झाली की यंत्राचं बटण दाबायचं. रिफ्लक्स अजून सिद्ध झालेला नसेल, तर आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या साधारण ७ दिवस आधी थांबवतात, मात्र डॉक्टरांना विचारूनच.

ऑपरेशनची तारीख घेण्याआधी सर्जनना स्पष्ट विचारा: माझा रिफ्लक्स कोणत्या रिपोर्टवरून सिद्ध झाला? मॅनोमेट्रीत काय दिसलं? ही उत्तरं मिळेपर्यंत थांबायला हरकत नाही.