कानामागची शीर

लाल पेशी तीस लाख, पांढऱ्या पेशी पंधरा हजार. असा रिपोर्ट माणसाचा आला तर डॉक्टर त्याच दिवशी बोलावून घेतील. रक्त कमी आहे, शिवाय अंगात कुठेतरी जंतुसंसर्ग आहे. हाच रिपोर्ट आशियाई हत्तीचा असेल तर काळजीचं कारण नाही, जनावर ठणठणीत आहे. माणसाच्या लाल पेशीचं सरासरी आकारमान ८० ते १०० फेम्टोलिटर असतं, हत्तीच्या पेशीचं ११०च्या पुढे जातं. पेशी मोठ्या म्हणून संख्या कमी, हिमोग्लोबिन मात्र जवळपास आपल्याइतकंच. पांढऱ्या पेशी तर निरोगी हत्तीतही सहसा दहा हजारांच्या वरच असतात.

हत्तीचं रक्त वाचणं ही वेगळी विद्या आहे ती अशी, आणि तिची गरज मोठी आहे. एवढं थोरलं जनावर दुखणं अंगावर काढतं. खाणं थोडं घटलं, सोंड मंदावली, हे रोजच्या माहुताच्या किंवा चाराकटरच्या नजरेत भरतं, पण तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

रक्त काढतात ते कानाच्या मागच्या बाजूला उठून दिसणाऱ्या शिरेतून. माहूत हत्तीशी बोलत, त्याला काहीबाही खायला देत उभा राहतो. डॉक्टर कान पुढे वळवतात, चिखल-धूळ पुसतात, स्पिरिटचा बोळा फिरवतात आणि बारीक नळी जोडलेली सुई शिरेत घालतात. जांभळ्या बुचाच्या नळीत पेशी मोजण्यासाठीचं रक्त, लाल बुचाच्या नळीत सीरमसाठीचं. सुई काढल्यावर ती जागा बराच वेळ दाबून धरावी लागते, नाहीतर तिथे रक्त साकळतं आणि पुढच्या खेपेला हत्ती कान देत नाही.

खरं कसब काचपट्टीवर लागतं. रक्ताचा थेंब पातळ पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की हत्तीच्या रक्ताचं वेगळेपण दिसतं. मोनोसाइट ही पांढरी पेशी माणसात शंभरात दहाच्या आत असते, हत्तीत तीस-चाळीसही भरते. तिचं केंद्रकही अनेकदा भुईमुगाच्या शेंगेसारखं असतं, दोन फुगीर भाग आणि मधे चिंचोळी कंबर. माणसाच्या रक्तासाठी बनवलेलं यंत्र तिला ओळखत नाही, लिम्फोसाइट समजून मोजतं. म्हणून शंभर पेशी एक एक करून डोळ्यांनी मोजणारा तंत्रज्ञ लागतो. महागडं यंत्र घेऊन हे काम होत नाही, हे प्राणिसंग्रहालयांच्या कारभाऱ्यांनी समजून घ्यायला हवं.

ही मोजणी चुकली तर काय होतं, ते हत्तींच्या नागीणवर्गीय विषाणूने दाखवून दिलं. १९९५मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल झूमध्ये कुमारी नावाचं सोळा महिन्यांचं पिल्लू दगावलं. तिथल्या लॉरा रिचमन आणि सहकाऱ्यांनी त्यामागचा विषाणू शोधून १९९९मध्ये जगापुढे मांडला. ईईएचव्ही या नावाने ओळखला जाणारा हा विषाणू मोठ्या हत्तींच्या अंगात निमूट राहतो. साधारण एक ते आठ वर्षांच्या पिल्लांमध्ये मात्र तो बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर फाडतो. डोकं सुजतं, जीभ निळी पडते आणि पिल्लू एक-दोन दिवसांत जातं. आपल्याकडे ओडिशातल्या नंदनकाननमध्ये २०१९ साली चार कोवळे हत्ती याच आजाराने गेले.

पण जीभ निळी पडण्याआधी काही दिवस रक्त बोलू लागतं. मोनोसाइट आणि प्लेटलेट घसरतात, पीसीआर चाचणीत विषाणू सापडतो. विषाणूविरोधी औषध, सलाइन, मोठ्या हत्तीच्या रक्तातला प्लाझ्मा, हे सगळे उपाय त्याच दिवसांत उपयोगी पडतात. परदेशातल्या अनेक प्राणिसंग्रहालयांत पिल्लांना लहानपणीच कान द्यायला शिकवतात आणि नियमाने रक्त घेतात. २०२४मध्ये ह्यूस्टनच्या प्राणिसंग्रहालयात टेस या हत्तिणीला या विषाणूवरची पहिली एमआरएनए लस टोचली गेली. लस सगळीकडे पोचेपर्यंत काचपट्टी हाच पहारा आहे.

रक्तातून आनंदाची बातमीही कळते. हत्तिणीचा गाभणकाळ सुमारे बावीस महिन्यांचा, आणि एवढ्या मोठ्या देहात गर्भ बाहेरून दिसत नाही. प्रोजेस्टेरॉन महिनोन्‌महिने चढं राहिलं तर ती गाभण, आणि शेवटी ते एकदम तळाला गेलं की दोन ते पाच दिवसांत पिल्लू येणार. डॉक्टर त्या रात्रीपासून तळ ठोकतात.

रक्ताचे आकडे ताडून पाहायची पुस्तकातली 'सर्वसाधारण' पातळी मात्र फार रुंद असते. एका हत्तीची प्लेटलेट पाच लाखांवरून अडीच लाखांवर आली तरी ती पातळीत बसते आणि कागदावर सगळं ठीक दिसतं. त्या हत्तीसाठी ती निम्म्यावर आलेली असते. हे कळायला त्याचे स्वतःचे, तब्येत धडधाकट असतानाचे जुने आकडे हाताशी लागतात. आजारपणात घेतलेला एकुलता रिपोर्ट फारसं काही सांगत नाही.

महाराष्ट्रात गडचिरोलीतल्या कमलापूरला सरकारी हत्ती कॅम्प आहे, मेळघाटात कोलकासला पर्यटकांना जंगल दाखवणारे हत्ती आहेत. यातल्या प्रत्येक हत्तीच्या नावाची रक्ताची वही असावी. ती त्याच्या निरोगीपणीच सुरू व्हावी आणि पिल्लांच्या वहीत दर आठवड्याला नोंद पडावी. त्यासाठी सुई, दोन नळ्या, काचपट्टी, रंग आणि हत्तीची मोनोसाइट ओळखणारा एक शिकलेला माणूस लागतो. वनखात्याने एवढी तजवीज करावी.