ब्रेकअवे स्विच : सुटलेल्या कॅरव्हॅनचा ब्रेक
‘घर मागे जोडताना’ – लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण कॅरव्हॅनचे इलेक्ट्रिक ब्रेक उघडून पाहिले. पुढच्या गाडीतला कंट्रोलर निळ्या वायरीतून वीज पाठवतो, ड्रममधलं विद्युतचुंबक फिरत्या ड्रमला चिकटतं, त्याच्याबरोबर ओढलं जातं आणि तरफेच्या जोरावर ब्रेक शू ड्रमवर दाबले जातात. या रचनेतली मेख अशी, की वीज येते पुढच्या गाडीतून. कपलिंग टो-बॉलवरून निसटलं, साखळ्यांनीही दगा दिला आणि प्लग उपटला गेला, तर ब्रेक शाबूत असूनही कॅरव्हॅन बिनब्रेकची होते. दोन-अडीच टनांचं ते धूड मग कुठे जाऊन आदळेल याचा नेम नाही. तेवढ्यासाठीच ब्रेकअवे स्विच.

ऑस्ट्रेलियात याबाबतचा नियम स्पष्ट आहे. ‘ऑस्ट्रेलियन डिझाइन रूल ३८’ सांगतो, की जीटीएम २००० किलोंच्या वर असेल तर सगळ्या चाकांना ब्रेक हवेत. कॅरव्हॅन सुटली तर ते आपोआप लागायला हवेत आणि किमान १५ मिनिटं लागलेले राहायला हवेत. जीटीएम म्हणजे गाडीला जोडलेली असताना कॅरव्हॅनच्या स्वतःच्या चाकांवर येणारं वजन. टो-बॉलवर टेकणारा भार त्यात धरत नाहीत. म्हणून एकूण वजनमर्यादा, म्हणजे एटीएम, २२०० किलो आणि टो-बॉलवरचा भार २२० किलो असेल, तर जीटीएम भरतं १९८० किलो. अशा कॅरव्हॅनला ब्रेकअवेची सक्ती नाही. मेलबर्न-सिडनीकडच्या ज्या वाचकांची कॅरव्हॅन या काठावर बसते, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : तरीही स्विच बसवा. वीस किलोंनी धडकेचा जोर काही कमी होत नाही.

स्विच हातात घेतला तर अगदी साधी वस्तू आहे. मुठीत मावेल एवढा प्लास्टिकचा ठोकळा, मागून निघालेल्या दोन वायरी, आणि पुढच्या भोकात घट्ट बसलेली एक पिन. पिनेच्या कडीत पातळ पोलादी केबल अडकवलेली. आत दोन धातूचे संपर्क स्प्रिंगने एकमेकांकडे रेटलेले असतात आणि त्यांच्यामध्ये ही पिन पाचर मारल्यासारखी उभी असते. केबलला हिसका बसला, की पिन बाहेर, संपर्क एक, आणि कॅरव्हॅनवरच्याच बॅटरीची वीज थेट ब्रेकच्या चुंबकांत. कंट्रोलर नाही, ड्रायव्हर नाही, ब्रेक पूर्ण जोराने लागतात.

स्विच बसवायला फार वेळ लागत नाही. तो ऐनवेळी चालेल अशी तजवीज करणं, हे खरं काम.

सुरुवात बॅटरीपासून करू. एक चुंबक १२ व्होल्टला साधारण ३ अँपिअर वीज खातं. दोन आसांच्या कॅरव्हॅनला चार चुंबकं, म्हणजे १२ अँपिअर. पाव तासाला ३ अँपिअर-तास झाले. ७ अँपिअर-तासांची छोटी सीलबंद बॅटरी कागदावर दुपटीहून मोठी दिसते. पण लेड-ॲसिड बॅटरीतून एवढ्या वेगाने वीज ओढली, की ती लिहिलेल्यापेक्षा बरंच कमी देते. त्यात ती जुनी आणि अर्धवट चार्ज झालेली असली, तर १५ मिनिटं निघणं कठीण. म्हणून ब्रेकअवेची बॅटरी वेगळी ठेवा. रात्रभर फ्रिज आणि दिवे चालवणाऱ्या घरगुती बॅटरीवर हा भार टाकला, तर सकाळी निघताना तिच्यात किती जीव उरला असेल कोण जाणे. ही वेगळी बॅटरी गाडीच्या १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर चार्ज होऊ द्या; मात्र मध्ये डायोड किंवा छोटा चार्जर हवाच, म्हणजे वीज उलटी गाडीकडे जाणार नाही.

आता वायरिंग. बॅटरीच्या धन टोकापासून फ्यूज, तिथून स्विचची एक वायर. दुसरी वायर पुढच्या जंक्शन बॉक्समध्ये निळ्या ब्रेक-वायरीला. फ्यूज बॅटरीला जितका जवळ तितका चांगला. ऑस्ट्रेलियात गाडीच्या वायरीचा आकार वरच्या आवरणासकट सांगतात. ‘६ मिमी’ म्हणून घेतलेल्या वायरीत तांबं असतं सुमारे ४.६ चौरस मिलिमीटर, आणि ‘४ मिमी’च्या वायरीत जेमतेम १.८. जाऊन-येऊन १४ मीटर लांबी धरली, तर १२ अँपिअरला पहिलीत अर्ध्या व्होल्टहून थोडी जास्त घट होते, दुसरीत दीड व्होल्टच्या पुढे. तेवढ्याने चुंबकाची पकड ढिली पडते. अर्थिंगही गंजलेल्या चॅसीच्या भरवशावर सोडू नका; तितक्याच जाड वायरीने ते बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत न्या.

स्विच ड्रॉबारवर, म्हणजे कॅरव्हॅनच्या पुढच्या ओढदांड्यावर, पक्का बोल्ट करा, पिन गाडीच्या दिशेला ठेवून, म्हणजे ओढ सरळ रेषेत बसेल. केबल तिरकी ओढली गेली तर पिन भोकात अडकू शकते. केबलचं दुसरं टोक गाडीच्या टोबारच्या पक्क्या भागाला अडकवा. बॉल बसवलेली, काढता येणारी जीभ त्यासाठी चालणार नाही, कारण नेमकी तीच निसटली तर केबल तिच्याबरोबरच जाईल. साखळीच्या शॅकललाही ती अडकवू नका. केबल अशी बेतायची, की पूर्ण वळण घेतलं तरी तिला ताण बसू नये, ती रस्त्यावर घासू नये, आणि कपलिंग सुटताच पिन निघावी.

मग चाचणी. आधी गाडीचा प्लग काढा. तो लावलेला असताना पिन ओढली तर वीज उलटी शिरून काही कंट्रोलर बिघडतात. कॅरव्हॅन सपाट जागी ठेवून चाकांना अडण्या लावा. एक चाक जॅकवर उचला, सोबतच्या माणसाला ते हाताने फिरवायला सांगा आणि पिन ओढा. चाक जागच्या जागी थांबायला हवं. एकेक करून प्रत्येक चाक तपासा आणि दर वेळी पिन लगेच परत बसवा. बाहेर राहिली तर बॅटरी उतरते, चुंबकं तापतात. लांबच्या प्रवासाआधी हे करायचंच. धुळीच्या कच्च्या रस्त्यावरून आल्यावर तर पिन काढून भोकातली धूळही पुसायची.

शेवटी एक ताकीद. थांबलेली कॅरव्हॅन अडवायला काही जण ही पिन ओढतात. चुंबक ओढलं जातं ते ड्रम फिरतो म्हणून. चाक उभं असताना शूंवर पुरता दाबच येत नाही. उतारावर कॅरव्हॅन थोडी सरकते आणि थोड्या वेळात बॅटरीही संपते. उभ्या कॅरव्हॅनला हँडब्रेक आणि अडण्याच लावायच्या.

पुढच्या लेखांकात साखळ्या, त्यांची ताकद आणि त्या एकमेकींवरून फुलीसारख्या का अडकवतात, ते पाहू. तोवर आपल्या ड्रॉबारवरची पिन एकदा काढून पाहा : सहज निघते का, आणि निघाल्यावर चाकं खरंच थांबतात का.