संस्थापक गेला, खुर्च्या राहिल्या

स्टार्टअपला पैसा मिळाला की आपण आकडा बघतो. मला मात्र उत्सुकता असते ती संचालक मंडळात कोण बसणार याची! कारण मोठा गुंतवणूकदार पैशांसोबत बहुधा मंडळावर आपला माणूसही बसवतो.

उबरचंच बघा. 2016 मध्ये मंडळाच्या जागा 8 वरून 11 झाल्या आणि वाढलेल्या तिन्ही जागा भरण्याचा हक्क संस्थापक ट्रॅव्हिस कलानिक यांना मिळाला. जून 2017 मध्ये गुंतवणूकदारांच्या दबावाखाली त्यांनी सीईओपद सोडलं, पण तो हक्क त्यांच्याकडेच राहिला. एका जागेवर ते स्वतः बसले. उबरमधली गुंतवणूकदार कंपनी बेंचमार्क या हक्काविरुद्ध डेलावेअरच्या कोर्टात गेली. तरीही सप्टेंबरअखेर कलानिक यांनी उरलेल्या दोन जागा परस्पर भरल्या: झेरॉक्सच्या माजी प्रमुख उर्सुला बर्न्स आणि मेरिल लिंचचे माजी प्रमुख जॉन थेन. (डाव मानला पाहिजे!) चारच दिवसांत मंडळाने 'एक शेअर, एक मत' हा नियम आणि 17 जागांपर्यंतचा विस्तार मंजूर केला.

तेव्हा टर्म शीट (गुंतवणुकीच्या अटींचा मसुदा) हातात आली, की मूल्यांकनाच्या आकड्याआधी संचालक नेमण्याचं कलम वाचा. वकिलाला दाखवूनच सही करा.