प्रागच्या भिंतीवरचा यंत्रराज

प्रागला गेलेला पर्यटक बहुधा दोन दिवसांत चार गोष्टी उरकतो. टेकडीवरचा किल्ला, चार्ल्स पूल, व्लतावा नदीतली बोटीची फेरी आणि जुन्या नगरचौकातलं घड्याळ. त्यातलं घड्याळ सर्वांत लवकर आटपतं. तास भरायच्या दहा मिनिटं आधी चौकात गर्दी जमते, मोबाइल वर जातात, ठोका पडतो. वरच्या दोन खिडक्या उघडून येशूचे बारा प्रेषित एकामागून एक खाली डोकावून जातात, सोनेरी कोंबडा आरवतो, खिडक्या मिटतात. जेमतेम मिनिटभराचा खेळ. ‘एवढंच?’ असं निरनिराळ्या भाषांत म्हणत गर्दी पांगते आणि बिअरच्या दुकानांकडे वळते.

तक्रार रास्त आहे. प्रेषितांची मिरवणूक हा या यंत्राचा सर्वांत किरकोळ भाग आहे आणि तो मागाहून जोडलेला आहे. पाहण्यासारखी गोष्ट खाली आहे. ती चोवीस तास, तिकीट न लावता चालू असते आणि नेमकी तिच्याकडेच सगळ्यांची पाठ असते. म्हणून जाणाऱ्याला माझा सल्ला असा, की तास चुकवून वीस-पंचवीस मिनिटांनी जा. चौक तेव्हा मोकळा असतो, खिसेकापूंचीही सुटी असते, आणि मोठ्या निळ्या तबकडीसमोर निवांत उभं राहता येतं.

या घड्याळाला चेक लोक ओर्लोय म्हणतात. जुन्या नगरभवनाच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर ते १४१० पासून आहे. ते आपल्याकडच्या टॉवरवरच्या घड्याळांसारखं नुसतं वेळ सांगणारं यंत्र नाही. मधली तबकडी म्हणजे भिंतीवर उभा केलेला अ‍ॅस्ट्रोलेब आहे. आकाशाचा गोल सपाट पत्र्यावर उतरवून सूर्य-ताऱ्यांच्या जागा काढायचं हे उपकरण अरबांच्या हातून युरोपात पोचलं, तसंच भारतातही आलं. महेंद्रसूरी या जैन पंडिताने १३७० मध्ये, फिरोजशहा तुघलकाच्या काळात, त्यावर संस्कृतात ग्रंथ लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं ‘यंत्रराज’. तळहातावर धरायचा तो यंत्रराज प्रागकरांनी चाळीसच वर्षांनी भिंतीएवढा केला आणि चाकांना आणि वजनांना जुंपून आपोआप फिरता केला.

तबकडी वाचायची कशी? मधोमध पृथ्वी आहे, म्हणजे प्राग आहे. वरचा निळा भाग क्षितिजावरचं आकाश, खालचं काळं वर्तुळ रात्र, दोहोंच्या मधला तांबूस-करडा पट्टा म्हणजे पहाट आणि संध्याकाळ. डावीकडे लॅटिनमध्ये उषा आणि उदय, उजवीकडे अस्त आणि संधिप्रकाश अशी अक्षरं आहेत. लांब काट्यावर सोनेरी सूर्य आहे. तो काट्यावर एका जागी खिळलेला नाही. राशिचक्राचं कडं तबकडीवर मध्यापासून बाजूला सरकवून बसवलेलं आहे. काटा आणि कडं जिथे एकमेकांना छेदतात, तिथे सूर्य असतो. त्यामुळे उन्हाळ्यात तो बाहेरच्या कडेने मोठा फेरा घेत निळ्या भागात उंच चढतो आणि हिवाळ्यात मध्याजवळ आखूड फेरा मारून लवकर मावळतो. प्राग ५० अंश अक्षांशावर आहे. जूनच्या मध्यरात्री तिथे सूर्य क्षितिजाखाली १८ अंशही जात नाही, म्हणजे खगोलशास्त्राच्या हिशेबाने पूर्ण रात्र होतच नाही. तबकडीवर पाहा, त्या दिवसांत सोनेरी सूर्य खालून जाताना काळ्या वर्तुळात शिरत नाही. कडेच्या तांबूस पट्ट्यावरून निघून जातो. सहाशे वर्षांपूर्वी कोणी तरी हे गणित कागदावर सोडवून लोखंडात उतरवलं, हे लक्षात आलं की वरच्या बाहुल्यांकडे मान वळवावीशी वाटत नाही.

मराठी वाचकाला राशींपाशी मात्र एक अडचण येईल. आपली मकरसंक्रांत १४ जानेवारीच्या आसपास, आणि ओर्लोयवरचा सूर्य मकरेत शिरतो २१-२२ डिसेंबरला. घड्याळ चुकलेलं नाही आणि दाते पंचांगही नाही. युरोपातलं राशिचक्र सायन आहे, ते वसंतसंपातापासून मोजलं जातं. आपलं निरयन, ताऱ्यांना धरून चालणारं. संपातबिंदू साधारण ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो, आणि तसं साठत साठत दोहोंत आज सुमारे २४ अंशांचं अंतर पडलेलं आहे. स्वतःची रास त्या कड्यावर शोधायची हौस असेल तर हा फरक ध्यानात ठेवावा.

आता वेळ. एकच काटा तीन प्रकारची वेळ दाखवतो. रोमन आकड्यांवर आपली नेहमीची वेळ, बारा-बाराच्या दोन फेऱ्यांत. सोनेरी वक्ररेषांवर दिवसाचे बारा विषम तास. उदयापासून अस्तापर्यंतच्या काळाचे ते सारखे बारा भाग असतात, त्यामुळे प्रागच्या जूनमध्ये त्यातला एक तास साधारण ऐंशी मिनिटांचा आणि डिसेंबरात चाळीस मिनिटांचा होतो. तिसरी वेळ सर्वांत बाहेरच्या काळ्या कड्यावर, १ ते २४ अशा गॉथिक वळणाच्या सोनेरी अंकांत. ही जुनी चेक वेळ, आणि तिचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. आपल्याकडे घटका सूर्योदयापासून मोजत, इथे तास अस्तापासून मोजत. अस्ताची वेळ रोज बदलते, म्हणून हे कडं वर्षभर थोडं पुढे, थोडं मागे सरकत राहतं. आज हा प्रकार विक्षिप्त वाटेल, पण विजेच्या आधीच्या शहरात माणसाला पडणारा खरा प्रश्न ‘किती वाजले’ हा नव्हता. ‘उजेड किती उरला’ हा होता. काटा वीसवर असेल तर चोवीसातून वीस गेले, अस्ताला चार तास आहेत. बाजार आवरायला, काम हातावेगळं करायला, घर गाठायला चार तास.

हे सगळं चालवणारं यंत्र कौतुक करावं इतकं साधं आहे. एकाच व्यासाची तीन मोठी चाकं, सुमारे ११६ सेंटिमीटरची, एकाच आसावर. राशिचक्राच्या चाकाला ३६५ दाते, सूर्याच्या चाकाला ३६६, चंद्राच्या चाकाला ३७९. तिन्ही चाकांना फिरवणाऱ्या लहान चकत्या मात्र सारख्या दात्यांच्या. सूर्याचं चाक दिवसाला एक फेरा पुरा करतं, म्हणजे ३६६ दाते पुढे जातात. तेवढ्यात राशिचक्राचा एक फेरा होऊन वर एक दाता जादा सरकलेला असतो. वर्षभरात सूर्याचे ३६५ फेरे आणि ताऱ्यांचे ३६६. नक्षत्रदिन सौरदिनापेक्षा सुमारे चार मिनिटांनी लहान का, हे शाळेत फळ्यावर समजावायला मास्तरांना घाम फुटतो. इथे एका दात्याच्या फरकात ते उरकलं आहे.

चंद्राचा हिशेब तितका काटेकोर बसत नाही. ३६६ आणि ३७९ मध्ये १३ चा फरक. ३७९ ला १३ ने भागलं की २९ दिवसांवर थोडं येतं, २९.१५. खरा चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा. म्हणजे दर महिन्याला सुमारे नऊ तासांची तूट, आणि ती घड्याळाची देखभाल करणारा ओर्लोयनिक चंद्र हाताने सरकवून भरून काढतो. चंद्राचा गोळा अर्धा चंदेरी, अर्धा काळा आहे. तो काट्यावर फिरता फिरता स्वतःभोवतीही वळतो आणि कला दाखवतो. त्यासाठी बाहेरून कुठलीही दांडी जोडलेली नाही. गोळ्याच्या पोटातच एक वजन आणि मळसूत्र आहे. गोळा तबकडीभोवती फिरतो तसं ते वजन गुरुत्वाकर्षणाने खालीच लोंबत राहतं आणि मळसूत्र हळूहळू पुढे सरकतं. हा भाग पुढच्या काळातला, बहुधा सतराव्या शतकातला, आणि करणाऱ्याचं नाव कोणालाही ठाऊक नाही.

मूळ घड्याळ करणाऱ्याचं नावही प्राग शहर कित्येक शतकं चुकीचं सांगत होतं. दंतकथा अशी, की हनुश नावाच्या कारागिराने हे घड्याळ केलं, त्याने दुसऱ्या गावाला असंच करून देऊ नये म्हणून नगरशेट्यांनी त्याचे डोळे काढले, आणि आंधळ्या हनुशने सूड म्हणून यंत्रात हात घालून ते बंद पाडलं. अलोइस यिरासेक या लेखकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही कथा आपल्या दंतकथासंग्रहातून घराघरांत पोचवली. गाइड आजही ती चवीने सांगतात. विसाव्या शतकातल्या संशोधनात ९ ऑक्टोबर १४१० चा दस्त पुढे आला आणि चित्र स्पष्ट झालं. घडवणारा घड्याळजी कादान्यचा मिकुलाश, गणित बहुधा यान शिंदेल या विद्यापीठातल्या प्राध्यापकाचं. हनुश खरा होता, पण तो १४९० च्या सुमाराचा, आणि त्याने घड्याळात भर घातली. त्याचे डोळे कोणी काढले नाहीत. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची आपली आवडती कथा आणि ही कथा एकाच मुशीतली दिसते. थोर वास्तू दिसली की तिच्यापायी कोणाचा तरी अवयव गेल्याशिवाय लोकांचं समाधान होत नाही.

घड्याळाला खरा त्रास झाला तो दुर्लक्षाचा. सोळाव्या शतकात यान ताबोर्स्कीने ते नीट चालतं केलं आणि १५७० मध्ये त्याचं सविस्तर वर्णन लिहून ठेवलं, पण पुढे ते वारंवार बंद पडत राहिलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते मोडीत काढायच्या गोष्टी चालल्या होत्या. जवळच्या क्लेमेंतिनुम वेधशाळेच्या आंतोनीन स्त्र्नादने विरोध केला म्हणून ते वाचलं. १८६५-६६ च्या मोठ्या दुरुस्तीत रोमुआल्ड बोझेकने वेळ नेमकी राखणारी नवी यंत्रणा बसवली आणि चित्रकार योसेफ मानेसने खालच्या कालदर्शक तबकडीसाठी बारा महिन्यांची चित्रं रंगवली. मार्चात नांगरणी, जुलैत कापणी, ऑक्टोबरात द्राक्षं, डिसेंबरात डुक्कर कापणं. ही तबकडी मध्यरात्री एक घर पुढे सरकते. कडेला रोजच्या संतांची नावं आहेत, आणि चेक माणूस वाढदिवसाबरोबर आपल्या नावाचा हा दिवसही साजरा करतो.

मे १९४५ मध्ये, युद्ध संपायला तास उरले असताना, प्रागच्या उठावावर जर्मन सैन्याने तोफा डागल्या आणि नगरभवन पेटलं. प्रेषितांच्या लाकडी मूर्ती जळाल्या, शहराच्या जुन्या दप्तराचा मोठा भाग खाक झाला, इमारतीचा एक आख्खा भाग उद्ध्वस्त झाला. तो पुन्हा बांधलाच नाही. नगरभवनाशेजारी अवचित मोकळी हिरवळ दिसते ती त्याची जागा. घड्याळ १९४८ मध्ये पुन्हा सुरू झालं, वोयतेख सुखार्दाने कोरलेल्या नव्या प्रेषितांसह. बाजूच्या मूर्तींपैकी पैशाची थैली हलवणारा कंजूष पूर्वी सरळसरळ ज्यू सावकाराचं व्यंग होता. युद्धानंतर त्याचं रूप सौम्य केलं. शहरातले बहुतेक ज्यू तोवर छळछावण्यांत मारले गेले होते. शेजारचा आरसेवाला गर्व, पलीकडचा तुर्क आणि दोरी ओढणारा सांगाडा मात्र तसेच राहिले. सांगाडा मान डोलावतो, बाकीचे ‘नाही, नाही’ म्हणून माना हलवतात.

चौकात आणखी एक गंमत आहे, ती गर्दीला दिसत नाही. समोरच्या टीन चर्चमध्ये खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे पुरलेला आहे. १६०१ मध्ये तो इथे वारला. त्याच्या निरीक्षणांवर काम करत योहानेस केप्लरने याच गावात राहून १६०९ मध्ये ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षांचे नियम छापले. पृथ्वी मध्ये नाही, हे ज्या शहरात सिद्ध होत आलं, त्या शहराच्या मुख्य घड्याळात ती आजही मध्ये आहे. कोणी बदलायला गेलं नाही आणि ते बरंच झालं. आकाश पाहणाऱ्याच्या जागेवरून दाखवायचं असेल, तर पाहणारा मध्येच लागतो.

चौकातून निघण्याआधी नगरभवनाच्या पूर्वेकडच्या फरशीत २७ पांढरे क्रूस शोधावेत. २१ जून १६२१ ला हाब्सबर्ग राजाविरुद्धच्या बंडाच्या २७ पुढाऱ्यांचा इथे वध झाला. नगरभवनाच्या आत तिकीट काढून जाता येतं. चॅपलमधल्या लहान खिडकीतून प्रेषित फिरवणारी यंत्रणा मागच्या बाजूने दिसते, आणि माझ्या मते मिरवणूक पाहायचीच असेल तर ती इथूनच. चाकावर खिळलेले संत आणि त्यांच्या पाठी.

शेवटची मोठी दुरुस्ती २०१८ ची. १९४८ ची विजेवर चालणारी यंत्रणा काढून एकोणिसाव्या शतकातली परत बसवली आणि २८ सप्टेंबरला घड्याळ सुरू झालं. काम चालू असताना संत थॉमसच्या पुतळ्यात सुखार्दाने लपवून ठेवलेला कागदही सापडला. तबकडीचे रंग मूळच्यासारखे उजळ केले. काही प्रागकरांना ते भडक वाटले, मला नाही. सहाशे वर्षांचा काजळीचा थर म्हणजे पुरातनपणा, हा समज आपल्याकडच्या देवळांबाबतही आहे. वाद पेटला तो मानेसच्या चित्रांवरून. खालच्या तबकडीची नवी नक्कल बसवली होती. २०२२ मध्ये वारसाप्रेमींच्या लक्षात आलं, की माणसांचे चेहरे, वयं, कपडे मूळ चित्रांतल्यासारखे नाहीत. सांस्कृतिक मंत्रालयापर्यंत तक्रार गेली. चार वर्षं रोज हजारो लोक त्या तबकडीसमोर उभे राहून फोटो काढत होते आणि हे फारसं कोणाला दिसलं नव्हतं, कारण सगळे वर पाहत होते. मानेसने रंगवलेली मूळ तबकडी प्रागच्या शहर संग्रहालयाकडे जपलेली आहे. तुलना ज्याने त्याने करावी.