जबाबापासून हुकूमनाम्यापर्यंत : दिल्लीच्या जिल्हा न्यायालयातील भाषाव्यवहार

तौलनिक साहित्याच्या अभ्यासात भाषांतराचा विचार मुख्यत्वे ग्रंथांच्या आधारे केला जातो. मूळ संहिता, अनुवादित संहिता आणि अनुवादक या तीन घटकांचे संबंध तपासले जातात. परंतु ज्या ठिकाणी दररोज, अनुवादकाचे नाव कोठेही न येता, बोललेल्या भाषेचे लिखित आणि परकीय भाषेत रूपांतर होते, आणि त्या रूपांतरावर माणसाचे घर, पोटगी किंवा स्वातंत्र्य अवलंबून असते, त्या जिल्हा न्यायालयाकडे आपल्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. दिल्लीच्या जिल्हा न्यायालयात एखादे प्रकरण कसे चालते, त्याच्या प्रत्येक टप्प्यावर कोणती संहिता निर्माण होते आणि मराठी न्यायव्यवहाराच्या परिभाषेशी तिची तुलना केली असता काय दिसते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

१. रचना आणि वारसा

दिल्लीची जिल्हा न्यायालये आज तीस हजारी, पटियाला हाउस, कडकडडूमा, रोहिणी, द्वारका, साकेत आणि राउज अॅव्हेन्यू या सात संकुलांत विभागलेली आहेत. त्यांपैकी तीस हजारीच्या इमारतीचे उद्घाटन 1958 मध्ये तत्कालीन पंजाब उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती ए. एन. भंडारी यांच्या हस्ते झाले. दिल्लीला स्वतःचे उच्च न्यायालय 1966 मध्ये मिळाले. 1857 च्या उठावानंतर दिल्ली पंजाबला जोडली गेली होती. त्यामुळे येथील पोलिसी आणि न्यायालयीन परिभाषा उर्दू-फारसी वळणाची राहिली, आणि ती राज्यव्यवस्था बदलल्यानंतरही टिकून आहे.

दिवाणी बाजूस तीन लाख रुपयांपर्यंतचे दावे दिवाणी न्यायाधीशांपुढे आणि त्यावरील दोन कोटी रुपयांपर्यंतचे दावे जिल्हा न्यायाधीशांपुढे चालतात. त्याहून मोठ्या रकमेचे दावे थेट उच्च न्यायालयात दाखल होतात. ही मर्यादा 2015 मध्ये वाढविण्यात आली. फौजदारी बाजूस दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीश अशी उतरंड आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्यावर महानगर दंडाधिकारी हे पद संपुष्टात आले.

न्यायाधीशांखेरीज न्यायालय चालविणारी माणसे वेगळीच असतात. रीडर पुढील तारीख नोंदवितो, अहलमद दप्तर सांभाळतो, लघुलेखक श्रुतलेखन घेतो आणि फौजदारी न्यायालयात नायब कोर्ट हा पोलीस कर्मचारी पोलीस ठाण्याशी संपर्क ठेवतो. मराठी मुलखातील शिरस्तेदार, नाझर आणि बेलीफ यांच्याशी परिचित असलेल्या वाचकास ही पदनामे एकाच वेळी ओळखीची आणि अनोळखी वाटतील.

२. दाव्याची वाटचाल

दिवाणी प्रकरणाचा क्रम 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने ठरवून दिलेला आहे. वादी दावा दाखल करतो, प्रतिवादीस समन्स जाते, प्रतिवादी लेखी उत्तर देतो. उत्तरासाठी सामान्यतः तीस दिवस आणि कारण दाखविल्यास नव्वद दिवसांपर्यंत मुदत असते. दोन्ही निवेदने समोर आल्यावर ज्या बाबी एक पक्ष मांडतो आणि दुसरा नाकारतो, त्यांवर न्यायालय मुद्दे काढते. पुढील सर्व पुरावा या मुद्द्यांपुरताच मर्यादित राहतो. पक्षकाराच्या मनात ज्या गोष्टीचे दुःख सर्वांत मोठे असेल, ती मुद्द्यांत आली नाही तर न्यायालयाच्या दृष्टीने ती जवळजवळ अस्तित्वात नसते. त्यानंतर सरतपासणी, उलटतपासणी, युक्तिवाद, निकाल आणि हुकूमनामा असे टप्पे येतात. 2002 च्या दुरुस्तीनंतर दिवाणी दाव्यातील सरतपासणी शपथपत्राद्वारे होते. म्हणजे साक्षीदाराचे 'स्वतःचे' कथन वकिलाच्या कार्यालयात, बहुधा इंग्रजीत, तयार होऊन येते. त्याचा आवाज न्यायालयास प्रथम ऐकू येतो तो उलटतपासणीत.

३. साक्षीची संहिता

साक्षनोंदणीची पद्धत विशेष लक्ष देण्याजोगी आहे. दिल्लीत साक्षीदार सहसा हिंदीत बोलतो. न्यायाधीश ते ऐकून लघुलेखकास इंग्रजीत सांगतात आणि तेच अभिलेखावर येते. कायद्याचा सर्वसाधारण संकेत असा की, साक्ष प्रश्नोत्तररूपाने न लिहिता सलग निवेदनाच्या रूपाने लिहावी. परिणामी वकिलाचा प्रश्न अदृश्य होतो आणि त्यातील मजकूर साक्षीदाराच्या तोंडी जातो. 'तुम्ही त्या दिवशी घरी नव्हताच ना?' या प्रश्नाला साक्षीदार नुसते 'नाही, होतो' म्हणतो. अभिलेखात मात्र 'मी त्या दिवशी घरी नव्हतो हे म्हणणे खरे नाही' असे प्रथमपुरुषी वाक्य उमटते. साक्षीदाराने न उच्चारलेले, परंतु त्याच्या नावावर कायम झालेले असे हे वाक्य होय. निवेदक आणि लेखक यांच्यातील अंतराची चर्चा कथनशास्त्रात होते. येथे ते अंतर कागदावर पुसले जाते.

साक्ष पूर्ण झाल्यावर ती वाचून दाखविली गेली व बरोबर म्हणून मान्य झाली, अशा अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे तळाशी घातली जातात आणि साक्षीदाराची सही घेतली जाते. महाराष्ट्रातील पोलीस जबाबाच्या अखेरीस 'माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे' असा शेरा असतो, त्याचेच हे भावंड. या शेऱ्याचा हेतू संरक्षणाचा आहे. साक्षीदारास दुरुस्ती सुचविण्याची ती संधी असते. ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्यासाठी ही संधी खरी ठरावयाची असेल, तर मजकूर त्याला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखविला गेला पाहिजे. घाईच्या दिवशी ही संधी कितपत उरते, हा प्रश्न केवळ कार्यपद्धतीचा नाही, तो भाषांतराच्या प्रामाण्याचाही आहे.

फौजदारी खटल्यात आणखी एक संहिता आधीपासून उपस्थित असते. तपासादरम्यान पोलिसांनी हिंदीत लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही आणि तो स्वतंत्र पुरावाही नसतो. बचाव पक्ष त्याचा उपयोग विसंगती दाखविण्यासाठी करतो. न्यायालयातील विधान पोलिसी जबाबात नसेल, तर साक्षीदारास तो जबाब दाखवून 'तेथे असे नमूद नाही' अशी नोंद केली जाते. विसंगत भाग असेल तर त्याच्या आरंभी व अखेरीस अक्षरखुणा करतात. ही एका अर्थाने पाठचिकित्साच आहे. फरक इतकाच की, ग्रंथाच्या संपादकास पाठभेद लेखनिकाचा दोष असू शकतो हे गृहीत धरता येते. साक्षपेटीतील पाठभेदाचा भार मात्र सामान्यतः साक्षीदारावर येतो. भोजपुरी, बंगाली किंवा मराठी मातृभाषेच्या माणसाचे म्हणणे प्रथम पोलिसी हिंदीत आणि नंतर न्यायालयीन इंग्रजीत गेले असेल, तर दोन अनुवादांतील तफावत त्याच्या सत्यनिष्ठेतील तफावत म्हणून वाचली जाण्याचा धोका राहतो.

४. समान शब्द, भिन्न अर्थ

मराठी आणि दिल्लीकर न्यायपरिभाषा यांचा फारसी उगम समान असल्यामुळे त्यांतील अर्थभेद अधिक फसवे ठरतात. मराठीत 'कैफियत' म्हणजे प्रतिवादीचे लेखी म्हणणे. दिल्लीत त्यासाठी 'जवाब दावा' असा प्रयोग आहे. मराठी न्यायालयांत 'दरखास्त' हा शब्द विशेषत्वाने हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी रूढ आहे. उत्तरेत कोणताही अर्ज दरखास्त असतो आणि अंमलबजावणीस 'इजराय' म्हणतात. 'हुकूमनामा' ऐकल्यावर दिल्लीच्या श्रोत्यास न्यायालयापेक्षा गुरुद्वारा आठवण्याचा संभव अधिक.

सर्वांत बोलके उदाहरण 'राजीनामा' या शब्दाचे आहे. आजच्या मराठीत त्याचा अर्थ पदत्याग. दिल्लीच्या न्यायालयात राजीनामा म्हणजे तडजोड. पेशवेकालीन पंचायतीपुढे वादी-प्रतिवादी निवाडा मान्य करण्याची लेखी संमती देत, तिलाही राजीनामाच म्हणत. म्हणजे मराठीने गमावलेली अर्थच्छटा दिल्लीने राखली आहे. परंतु हा केवळ कोशाचा विषय नाही. तडजोडीवर दोन्ही पक्षांनी सही केली आणि न्यायालयाने तदनुसार हुकूमनामा केला, की त्यावर सामान्यतः अपील चालत नाही, आणि तो रद्द करण्यासाठी वेगळा दावाही करता येत नाही. दिल्लीत राहणाऱ्या एखाद्या मराठी पक्षकारास 'राजीनामा करून टाका' असा सल्ला मिळाला, तर आपण काय सोडत आहोत आणि काय स्वीकारत आहोत हे त्याला सहीपूर्वी कळणे अगत्याचे आहे.

५. शुद्धीचा प्रश्न

या परिभाषेविषयी 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे जनहित याचिका आली. प्रथम खबर ही तक्रारदाराच्या स्वतःच्या शब्दांत असावी, तक्रारदारास न समजणाऱ्या उर्दू-फारसी शब्दांची त्यात गर्दी नसावी, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्ली पोलिसांनी असे 383 शब्द टाळण्याविषयी परिपत्रक काढले.

मराठी अभ्यासकास येथे शिवकालीन 'राज्यव्यवहारकोशा'चे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तथापि दोहोंचे प्रयोजन वेगळे आहे. कोशाने फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले. त्यामागे राज्याची स्वतंत्र ओळख उभी करण्याचा हेतू होता. उच्च न्यायालयाचा निकष शब्दाच्या कुळाचा नसून बोधाचा होता. या निकषाने पाहिल्यास अनाकलनीय फारसी शब्दाच्या जागी तितकाच अनाकलनीय संस्कृत किंवा इंग्रजी शब्द आणण्याने काही साधत नाही. महाराष्ट्रात 1998 च्या अधिसूचनेने कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरविण्यात आली. तेथेही 'प्रतिज्ञापत्र' आणि 'अॅफिडेव्हिट' यांपैकी पक्षकारास कोणता शब्द अधिक उमगतो, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

६. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, जिल्हा न्यायालयातील प्रकरण म्हणजे एकाच घटनेच्या क्रमाने रचल्या गेलेल्या संहितांची मालिका होय. प्रत्येक टप्प्यावर काही गाळले जाते आणि काही मूळ वक्त्याच्या नावे जोडले जाते. वरिष्ठ न्यायालयापुढे अपील गेले, की सामान्यतः साक्षीदार पुन्हा बोलत नाही, अभिलेख बोलतो. वि. त्र्यं. गुणे यांनी 1953 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मराठेशाहीतील न्यायव्यवस्थेचा कागदपत्रांच्या आधारे अभ्यास केला. त्या काळातील तकरीर, करीना आणि निवाडपत्र यांच्याशी आजच्या साक्षनोंदींची तुलना झाल्यास, बोलणाऱ्याचा आवाज कोणत्या व्यवस्थेत अधिक टिकत होता याचे काही उत्तर मिळू शकेल. अशा अभ्यासासाठी कायद्याची पदवी आवश्यक नाही. खुल्या न्यायालयाच्या मागच्या बाकावर बसून साक्षीदाराचे बोलणे ऐकावे आणि पाठोपाठ सांगितले जाणारे इंग्रजी वाक्य त्याच्याशी ताडून पाहावे, एवढी तयारी आरंभास पुरेशी आहे.