भरती आली की रोहित कुठे जातात?

मुंबई आणि नवी मुंबईच्या मधली ठाण्याची खाडी हिवाळा सरता सरता गुलाबी होऊ लागते. रोहित पक्ष्यांची इथली संख्या काही हंगामांत लाखापलीकडे गेली आहे. १९९० च्या दशकापासून ते मोठ्या थव्यांनी येऊ लागले. २०१५ मध्ये इथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तेव्हापासून शिवडी, भांडुप, ऐरोली या काठांवर कॅमेरेवाल्यांची गर्दी वाढतेच आहे, आणि मला तिचा आनंद आहे.

मात्र इथे फिरायचं तर कॅमेऱ्याआधी पंचांग उघडावं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्याच्या आगेमागे सहा-सव्वासहा तासांवर ओहोटी. पूर्ण ओहोटीला पक्षी पार पाण्याच्या कडेला असतात, मोठ्या लेन्समधूनही ठिपकेच दिसतात. पाणी निम्मं चढलं की ते काठाकडे सरकतात. फोटोची खरी वेळ तीच. काठही विचारपूर्वक निवडावा. ऐरोलीला सकाळचं ऊन पाठीशी असतं, तर शिवडी-भांडुपला संध्याकाळचं. काळ्या चिखलावरचा फिकट पक्षी टिपताना एक्स्पोजर थोडं उतरवलं नाही, तर पिसांचा सगळा तपशील जळून जातो.

थवा दूर असेल तेव्हा खाली बघावं. तिवराच्या पानांवर मिठाचे कण चकाकत असतात, कारण मुळांतून आलेलं जादा मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकतं. बुंध्याभोवती चिखलातून श्वासमुळं वर आलेली असतात. त्यांच्यामधून निवट्या परांवर रेटत पुढे सरकतो, थबकतो, डोळे फिरवतो आणि चाहूल लागताच बिळात जातो. बाजूला इवलासा खेकडा आपली एकच मोठी नांगी वरखाली करत माद्यांना बोलावत असतो. दहा मिनिटं हललो नाही तर हे सगळे पुन्हा बाहेर येतात. त्यासाठी चिखलात उतरायची गरज नाही आणि उतरूही नये; गुडघाभर वाटणारा गाळ कमरेपर्यंत ओढतो. रोहितही याच गाळावर जगतो. तो चोच उलटी धरतो, जिभेने पाणी आतबाहेर खेळवतो आणि चोचीतल्या झालरीत सूक्ष्म शेवाळ अडकवतो. त्याचा गुलाबी रंग या अन्नातूनच येतो.

आता भरतीचं. खाडी काठोकाठ भरली की चरायची जागा बुडते आणि थवे उठतात. ते जातात नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवर, उरणजवळच्या पाणजे-भेंडखळकडे, भांडुप पंपिंग स्टेशनच्या परिसरात. उथळ पाण्यात एका पायावर उभं राहून ते ओहोटीची वाट बघतात. खाडीला संरक्षण मिळालं, पण या विसाव्याच्या जागांपैकी बऱ्याच अभयारण्याच्या रेषेबाहेर राहिल्या. सरकारदरबारी त्या अनेकदा नुसत्या मोकळ्या जमिनी ठरतात. नेरुळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येण्याच्या वाटा अडल्या, तलाव शेवाळाने माजला आणि २०२४ मध्ये त्या परिसरात रोहित मेले. पुढच्या वर्षी त्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्याचा निर्णय झाला. त्यामागे स्थानिक नागरिकांचा चिवट पाठपुरावा होता. पाणज्याची पाणथळ वाचवण्याचा लढा अजून चालू आहे. चरायला लाख पक्ष्यांची खाडी आणि विसाव्याला इंचभर जागा नाही, हा हिशेब चालणार नाही.

म्हणून छायाचित्रकारांना माझी कळकळीची विनंती आहे. ओहोटीची चित्रं हजारोंनी झाली. आता भर भरतीला या तलावांवर जा. लांबून, थवा न उठवता फोटो घ्या आणि त्यावर तारीख, तिथी, वेळ लिहा. पुढल्या वर्षी त्याच तिथीला, त्याच जागेवरून पुन्हा घ्या. पाणी किती आलं, भराव किती पुढे सरकला, पक्षी किती उरले, हे अशा दोन फोटोंत शेजारी-शेजारी दिसतं आणि सुनावणीत ते पुढे ठेवता येतं.