गावच्या वाचनालयाचा जमाखर्च

हट्टा हे हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातलं मोठं गाव. गावाला स्वतःचं पोलीस ठाणं आहे, आजूबाजूच्या खेड्यांचा राबता आहे, भोवती हळदीचं शिवार आहे. ग्रंथालय खात्याच्या कोष्टकात मात्र हट्ट्याला शेवटची रांग मिळते. तिथे ठिकाणांचे तीनच प्रकार: जिल्ह्याचं, तालुक्याचं आणि 'इतर'. या इतरांमध्ये पुन्हा अ, ब, क, ड असे वर्ग. ग्रंथसंख्या, सभासद, वर्तमानपत्रं, नियतकालिकं, दार उघडं राहण्याचे तास असे निकष लावून वर्ग ठरतो आणि वर्गावरून अनुदान. हट्ट्यासारख्या गावात कुणी शून्यातून वाचनालय उभं केलं, तर त्याची सुरुवात 'ड' वर्गापासूनच होणार.

या 'ड' वर्गाला बरीच वर्षं सालाला जास्तीत जास्त ३० हजार रुपये मिळत. २०२२च्या अखेरीस राज्य सरकारने अनुदानात ६० टक्के वाढ केली आणि आकडा ४८ हजारांवर गेला. टक्केवारी ऐकायला घसघशीत वाटते. पण ४८ हजार म्हणजे महिन्याला चार हजार.

त्याची वाटणी ढोबळमानाने अशी: निम्मे वेतनावर, पाव पुस्तकांवर, पाव बाकीच्या खर्चावर. म्हणजे ग्रंथपालाला महिन्याकाठी दोन हजार रुपये. हळद काढणीच्या दिवसांत मजुराची आठवड्याची कमाई एवढी होते. पुस्तकांना वर्षाचे बारा हजार. सरासरी तीनशे रुपयांचं पुस्तक धरलं तर चाळीस पुस्तकं. उरलेल्या बारा हजारांत वीजबिल, कपाटं, स्टेशनरी, ऑडिटची फी आणि वर्तमानपत्रं. पाच रुपयांचा एक पेपर वर्षाला अठराशेच्या घरात जातो, चार पेपर घेतले की सात हजारांवर रक्कम तिथेच संपते. खोली सहसा ग्रामपंचायतीची, शाळेची नाहीतर देवळाची असते, म्हणून भाड्याचा रकाना रिकामा राहतो. तो भरावा लागला असता तर कितीतरी वाचनालयांना केव्हाच कुलूप लागलं असतं.

एवढ्या तुटपुंज्या रकमेसाठी कागद मात्र पुष्कळ लागतात. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली हवी. कार्यकारी मंडळ हवं, वर्षाला सर्वसाधारण सभा हवी, तिचं इतिवृत्त हवं. दाखल नोंदवही, देवाणघेवाण रजिस्टर, किर्द-खतावणी, पावती पुस्तक, लेखापरीक्षकाचा अहवाल हे सारं जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यापुढे तपासणीला ठेवायचं. पदाधिकारी बदलले तर त्याचा बदल अर्ज वेगळा. वाचनाच्या हौसेने वाचनालय काढणाऱ्या माणसाला पहिल्याच वर्षी कळतं की पुस्तकांपेक्षा रजिस्टरंच जास्त सांभाळावी लागणार आहेत.

हे सगळं येतं 'महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७'मधून. कायदा १ मे १९६८ पासून अमलात आला, अनुदानाचे नियम १९७० साली झाले. मद्रास, कर्नाटक आणि पुढे केरळने आपापल्या कायद्यांत ग्रंथालयांसाठी उपकर बसवला. महाराष्ट्राने तो टाळला. इथे कायद्याने फक्त एवढी हमी दिली की सरकार ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालील. प्रत्यक्षात सरकार त्याच्या कितीतरी पट खर्च करतं, पण उपकराचा पैसा जसा हक्काने येतो तसा हा येत नाही. तो अर्थसंकल्पातून येतो, हप्त्यांनी येतो, आणि सरकारी तिजोरी आखडली की उशिराने येतो.

मराठवाड्याच्या बाबतीत एक गंमत आहे. हा मुलूख हैदराबाद राज्यात असताना तिथे १९५५ सालीच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला होता. म्हणजे ज्या भागाला मागासलेलं म्हणायची सवय पडली आहे, त्याच्या वाट्याला ग्रंथालयाचा कायदा पुण्या-मुंबईच्या बारा वर्षं आधी आला. पुढच्याच वर्षी राज्यपुनर्रचना झाली आणि परभणी, नांदेडसह मराठवाडा त्या राज्यातून बाहेर पडला. त्याआधीच्या निजामी काळात तर सभा भरवायला 'गश्ती निशान ५३' या परिपत्रकाखाली परवानगी लागे आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. अशा दिवसांत मराठी वाचनालय ही चार माणसांनी एकत्र बसण्याची जागासुद्धा होती. परभणीच्या गणेश वाचनालयाने शतक ओलांडलं आहे, ते याच काळातून तरून. त्या पिढीला अनुदान ठाऊक नव्हतं; वर्गणी होती, आणि वर्गणी देणारा माणूस दुसऱ्या दिवशी नवा अंक आला का हे विचारायला येत होता.

वर्गणी आणि विचारणा यांची ही सांगड बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी थेट आपल्या ग्रंथालय योजनेतच बसवली होती. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बडोद्यात बोलावलं. बॉर्डन तीन वर्षं राहिले. मध्यवर्ती ग्रंथालय, फिरत्या पेट्या, प्रशिक्षणाचे वर्ग ही सारी त्या काळातली कामं. खेड्यांसाठीचा नियम साधा होता. गावाने ठरावीक रक्कम आधी उभी करायची, मग तेवढीच स्थानिक बोर्डाने द्यायची आणि तेवढीच दरबाराने. गावाचा तिसरा हिस्सा, आणि तो सर्वांत आधी.

आजच्या अनुदानात हे प्रमाण उलटं झालं आहे. मान्य खर्चातले नव्वद टक्के सरकारचे, संस्थेने स्वतःचे दहा टक्के घालायचे. हे दहा टक्केही पुष्कळ ठिकाणी सचिव किंवा अध्यक्ष पदरचे घालतो. त्याचा चांगुलपणा खरा, पण त्यातून एक विचित्र गोष्ट घडते. पैसा वरून येतो, म्हणून हिशेब वर जातो. उरलेला पैसा एका घरातून येतो, म्हणून वाचनालय हळूहळू त्या घराचं होतं. अमुक रावांचं वाचनालय अशीच त्याची ओळख पडते. कागदावर ते लोकांच्या संस्थेचं असतं. सर्वसाधारण सभा मात्र सह्यांपुरती उरते. पैसा कमी आहे हे दुखणं खरंच आहे. त्याच्या जोडीला हेही आहे की असलेल्या पैशाबद्दल गाव विचारतच नाही.

त्याचं टोक २०१२ साली दिसलं. राज्यात तेव्हा बारा हजारांच्या आसपास ग्रंथालयं अनुदानाच्या यादीवर होती. त्यांची महसूल खात्यामार्फत सरसकट पडताळणी झाली. कुठे पाटी होती पण पुस्तकं नव्हती, कुठे पुस्तकं होती पण दार उघडत नव्हतं, कुठे सगळं निकषांप्रमाणे चालू होतं. पुढे अनेकांच्या मान्यता गेल्या. शिक्षा मात्र सर्वांना झाली: नव्या ग्रंथालयांना मान्यता आणि जुन्यांची दर्जावाढ कित्येक वर्षं थांबली. 'ड'मधलं वाचनालय कितीही चांगलं चालवलं तरी 'ड'मध्येच राहिलं. गावातल्या माणसांनी वेळीच विचारलं असतं तर तलाठ्याला पुस्तकं मोजायला पाठवण्याची वेळ आली नसती.

केरळात देखरेखीची मांडणी निराळी आहे. तिथल्या ग्रंथालय परिषदा ग्रंथालयांच्याच प्रतिनिधींतून, निवडणुकीने बनतात. तालुक्यापासून राज्यापर्यंत हीच रचना आहे. तपासणी करणारा माणूस स्वतः कुठल्यातरी वाचनालयाचा असतो, त्यामुळे रजिस्टर वापरातलं आहे की तपासणीसाठी काल रात्री बसून भरलेलं, हे त्याला सांगावं लागत नाही. महाराष्ट्रात राज्य ग्रंथालय परिषद आणि जिल्हा ग्रंथालय समित्या कायद्यात आहेत, पण गावातल्या वाचकाला त्या क्वचितच दिसतात.

वाचकाने काय विचारावं? पहिला प्रश्न पुस्तकखरेदीचा. बारा हजारांची खरेदी कुणाच्या सांगण्यावरून झाली? बाजारात केवळ ग्रंथालयांना विकण्यासाठी छापलेली पुस्तकं असतात: छापील किंमत भरमसाट, सवलतही भरमसाट, आत मजकूर कसाबसा. दाखल नोंदवहीत आकडा वाढतो आणि कपाटाचं दार बंदच राहतं. राज्याचं ग्रंथालय संचालनालय शासनमान्य ग्रंथांची यादी काढतं, जिल्ह्या-जिल्ह्यांत ग्रंथोत्सव भरतात, कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानच्या योजनांतून ग्रंथभेट मिळते. या वाटा चांगल्या आहेत, पण गावातल्या पाच-सात वाचणाऱ्यांची निवड समिती त्यांच्या जोडीला नसेल तर हळद पिकवणाऱ्या गावात हळदीवरचं एकही पुस्तक नाही असं सहज घडतं.

दुसरा प्रश्न अभ्यासिकेचा, आणि तो नाजूक आहे. मराठवाड्यातल्या गावांत वाचनालयात सर्वांत जास्त वेळ बसणारी मुलं पोलीस भरतीची, तलाठी परीक्षेची, राज्यसेवेची तयारी करणारी असतात. त्यांना कादंबरी नको असते; टेबल, दिवा, शांतता आणि शक्य झालं तर वायफाय हवं असतं. वाचनकक्ष सर्वांना मोफत हवा हे तत्त्व. पण रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या अभ्यासिकेला थोडी फी घेतली तर विजेचं बिल सुटतं. फी घ्यावी, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे. मात्र ती किती घ्यायची हे त्या मुलांना सभेत बसवून ठरवावं. तीच मुलं उद्या कार्यकारी मंडळात आली तर वाचनालयाला पुढची पंधरा वर्षं मिळतात. स्पर्धापरीक्षेची पुस्तकं मात्र विकत घेताना हात आखडता हवा. दोन वर्षांत ती शिळी होतात. जुन्या परीक्षार्थींकडून ती भेट मिळवणं अधिक शहाणपणाचं.

मान्यता मिळेल तेव्हा मिळेल, तोवर काय, याचीही उत्तरं महाराष्ट्रात आहेत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा विनायक रानडे यांनी २००९ साली सुरू केलेला उपक्रम इमारतीशिवाय चालतो. शंभर पुस्तकांची एक पेटी, तिच्याभोवती पस्तीसच्या आसपास वाचकांचा गट, काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल. पेटी कुणाच्या ओसरीवरही राहू शकते. प्रदीप लोखंडे यांच्या 'ग्यान-की' ग्रंथालयांत ग्रामीण शाळेतल्या पुस्तकांचा कारभार एका विद्यार्थिनीच्या हाती असतो. भिलार हे साताऱ्यातलं गाव ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचं गाव झालं, तेव्हा गावातल्या २५ ठिकाणी मिळून सुमारे १५ हजार पुस्तकं ठेवली गेली. मात्र त्यामागे राज्य मराठी विकास संस्थेचं बळ होतं आणि जवळ महाबळेश्वर-पाचगणीचा पर्यटक. हट्ट्याला जवळची वाट नाशिकच्या पेटीची.

ग्रामपंचायतीकडेही बोट दाखवता येतं. १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमातल्या ग्रामसूचीत वाचनालयाचा समावेश आहे, पण ग्रामसभेत रस्ता, नाली, पाणी यांपुढे तो विषय निघतच नाही. वाचनालयाच्या मंडळींनी वर्षाचा जमाखर्च आणि खरेदी केलेल्या पुस्तकांची यादी ग्रामसभेपुढे वाचून दाखवली, मग पंचायतीच्या फलकावर चिकटवली, तर त्यासाठी कुठल्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. वर्गणीचंही वेळापत्रक शेताकडे पाहून लावता येईल. महिन्याच्या दहा-वीस रुपयांसाठी घरोघर फिरण्यात सचिवाचं वर्ष जातं. हळद उकडून, वाळवून, पॉलिश होऊन वसमतच्या बाजारात लागते ती उन्हाळ्यात. वर्षाची वर्गणी तेव्हा एकदाच, पावती देऊन घ्यावी, आणि पावतीमागे गेल्या साली किती पुस्तकं आली, किती दिवस दार उघडं होतं, एवढे दोन आकडे लिहून द्यावेत.